सखाबाईचं काळं अंगण

आंबागडात सखाबाईशी भांडायला जायचं तर माणूस घरून पोटभर जेवून निघायचा. एकदा तोंडाला तोंड लागलं की ऊन कलेपर्यंत सुटका नाही, हे गावाला ठाऊक होतं. ती आवाज चढवायची नाही, शिव्याही द्यायची नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि समोरच्याचं सगळं ओकून झालं की शांतपणे म्हणायची, "झालं? आता माहं आयक."

ती मूळची सानगडीची, ढिवराची पोर. तळ्याच्या पाळीवर रांगली, पाण्यात पोहली, बापाच्या जाळ्याची भोकं शिवत मोठी झाली. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला मनिरामच्या घरी नांदायला आली, तेव्हा तिनं धड रान पाहिलेलं नव्हतं. आणि इथं तर गावाच्या डोक्यावरच डोंगर. माथ्यावर जुना पडका किल्ला, अंगाखांद्यावर बांबू आणि सागवान, पायथ्याला मोहाची झाडं. मनिरामचं घरही ढिवराचंच, पण इथली बोडी, म्हणजे गावतळी, होळीपर्यंत तळ गाठायची. मग जाळी आढ्याला टांगायची आणि टोपल्या घेऊन सगळ्या घरानं मोहफुलं वेचायला निघायचं, अशी रीत.

पहिल्या चैत्रात सासूनं तिला पहाटे उठवून रानात नेलं. सासूचं नाव भागीरथा. बाई वाळल्या शेंगेसारखी, पण डोळे खुरप्यासारखे. मोहाखाली वाळल्या पाल्याचा घोटाभर थर पडला होता. भागीरथानं तो फांदीनं आत ओढला, भोवतीची जागा झाडून घेतली आणि कमरेच्या आगपेटीनं पेटवून दिला.

सखाबाई दचकून मागं सरली. "अवं आत्याबाई, हे काय करून राहिल्या?"

"पाला जारून राहिली. पाल्यात पडलं त फूल हाती लागते का? काऱ्या जमिनीवर पडलं का सोन्यावानी दिसते."

"अन् आग रानात गेली त?"

"मी अठी बसली ना, ते कोठी जाईल?" म्हातारीनं बिडी शिलगावली आणि धुराकडं पाहत सांगितलं, "ध्यानात ठेवजो, पोरी. आगीले निस्ती भूक असते. डोरे नसतात, अक्कल नसते. जे एकदा खाल्लं ते पुन्हा खाले येत नाई. कधी रानात सापडली, त जेथचं जरून कारं झालं तेथं शिरजो. कारं म्हंजे तिचं उष्टं ताट."

सखाबाईला हे आपल्या परीनं पटलं. सानगडीला तळ्यात जाळं ओढायचे, तेव्हा जाळ्यापुढं पळणारी मासळी हमखास काठाशी येऊन अडकायची. जी एखादी शहाणी असे, ती उलट फिरून, चिखलाला पोट घासत जाळ्याच्या पायाखालून मागं निघून जायची. मागं गेलेलं पाणी मोकळं असायचं. पळण्यापेक्षा मागं शिरण्यात जीव वाचतो, हे तिनं लहानपणीच पाहिलं होतं.

गावाची अक्कल मात्र वेगळी. आंबागडात काही झालं की गड. पूर आला, गडावर चला. गुरांमागं वाघ लागला, गडावर चढा. आज्या-पणज्यांच्या वेळी लुटारू आले होते म्हणे, तेव्हाही गाव गडानंच राखलं. चालायला शिकलेल्या पोरालाही आई पहिल्यांदा वर बोट दाखवून सांगायची, "तो आपला गड. भेव लागलं का तठी जाजो." सखाबाईनं एकदा विचारलं, "आग लागली त?" सगळ्या बाया हसल्या. "अवं, दगडाच्या भिती हायेत. दगड जरते का?"

आता सखाबाईची एक खोड होती. एखादी गोष्ट पटली की ती जास्तच करायची. सासू मोहाखाली झाडाच्या सावलीएवढी जागा जाळायची, ही त्याच्या दुप्पट जाळू लागली. काठ झाडायची, राखेवरून अनवाणी फिरून निखारा राहिला का ते पाहायची, गार झाल्याशिवाय हलायची नाही. बायांनी नाव ठेवलं, सखाबाईचं अंगण. "तऱ्यातली मासोरी आगीले किती भेते पाहा!" म्हणायच्या. ती म्हणायची, "भेतो म्हनूनच त जारतो."

त्या अंगणापायी जावेशी वाकडं आलं. धाकटा दीर कवडू मँगनीजच्या खाणीवर कामाला होता. हाती रोख पगार, म्हणून त्यानं चूल वेगळी मांडली होती. त्याची बायको रुखमा, अड्याळची. गोरीगोमटी, नटायची हौस असलेली, जिभेची तिखट. तिचं मोहाचं झाड सखाबाईच्या झाडाला लागून. एका वर्षी सखाबाईच्या अंगणाची धग लागून रुखमाची फुलं वाळवायची तट्टी करपली. रुखमानं रडून गाव गोळा केलं आणि वर नाकेदाराकडं जाऊन तक्रारही गुदरली.

तुलाराम नाकेदार जंगल खात्याचा माणूस. स्वभावानं वाईट नव्हता, पण वरून आलेला हुकूम डोक्यावर हंडा न्यावा तसा जपून न्यायचा. त्या साली हुकूम आलाच होता की मोहाखाली आग लावायची नाही. त्यानं सगळ्या बायांना तंबी दिली. बाकीच्या मुकाट्यानं पाला उपसून वेचू लागल्या. सखाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"नाकेदारसाहेब, आमी नाई जारलं त रानात आग लागत नाई का?"

"ते मले मालूम नाई. हुकूम हाये."

"हुकूम पाल्यालेबी सांगतला का, का पेटू नको म्हनून?"

"सखाबाई, तुह्या तोंडाले लागून मले नोकरी नाई घालवाची."

दुपारपर्यंत घासाघीस चालली. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "बरं, एक खाट मावंल एवढं जार. त्याच्या वर गेली त टोपली जप्त." सखाबाईचं अंगण असं एका खाटेएवढं झालं. रुखमानं पदराआड हसून घेतलं.

तो अठ्ठ्याहत्तरचा चैत्र. पाऊस आदल्या वर्षी लवकर पाठ फिरवून गेलेला, रान कडकडीत वाळलेलं. रुखमा त्या दिवशी नवी साडी नेसून वेचायला आली. कवडूनं तुमसरच्या बाजारातून आणलेली, जांभळी, वर पिवळी फुलं, अंगावर सळसळ वाजणारी नायलॉनची साडी. तेव्हा गावात असली साडी तिच्याकडंच.

दोघी आधीच बोलत नव्हत्या. तरी सखाबाईला राहवलं नाही. "हे नेसून रानात कायले आली? ठिनगी पडली त अंगाले चिकटंल."

"ठिनगी पडत नाई, बाई," रुखमानं टोपली आपटली. "मानसाचे डोरे पडतात."

"अवं, तुह्या साडीवर डोरा ठेवाले मी आंधरी नाई झाली."

भागीरथा दोघींच्या मध्ये बसून फुलं वेचत होती. ती म्हणाली, "भांडा, बायांनो, भांडा. फुलं काय, उद्याबी पडतील."

ऊन वर आलं. बाकीच्या बाया टोपल्या भरून परतल्या. या तिघी मागं राहिल्या, कारण दोघी जावांपैकी आधी कोण उठणार हा मानाचा प्रश्न होता. म्हातारी बिचारी दोघींसाठी थांबली.

पहिल्यांदा वानरं गेली. एरवी मोहावर बसून दात विचकणारा कळप, आवाज न करता, पोरं पोटाला धरून चढावाकडं निघून गेला. मग रानकोंबड्या फडफडत वर. सखाबाईनं मान उचलली. उन्हाचा रंग बदलला होता, तांब्याच्या परातीवरून उठावा तसा. खालच्या नाल्याकडून वारा येत होता आणि त्या वाऱ्याला वास होता. मग आवाज आला. बांबूची पेरं फुटत होती, लग्नात फटाक्यांची लड लावावी तशी.

"आग," भागीरथा म्हणाली.

नाल्याच्या बाजूनं सगळा उतार पेटत वर येत होता. धुराच्या खाली लाल पट्टी दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा जवळ दिसायची. गावाची वाट नाल्यातूनच जात होती. ती गेली.

"गडावर चला!" रुखमा ओरडली. "गडावर!"

"थांब, रुखमे!"

"तुमाले आमच्या गडाचं काय मालूम?" आपण अड्याळच्या आहोत हे ती विसरली आणि पदर खोचून चढाला लागली.

सखाबाईनं सासूकडं पाहिलं. म्हातारीचे गुडघे वर्षापासून धरले होते. तिनं हात हलवला. "तुमी दोघी पळा. माही वाट नका पाहू. मी जगली तेवढं बस झालं."

"कोठी पळू?" सखाबाई म्हणाली. "वरती बांबूच बांबू हाये. वारा कोठी जाऊन राहिला ते पाहा. आग मानसापरीस लवकर डोंगर चढते. तुमीच त सांगतलं होतं, काऱ्यात शिरजो म्हनून."

"अवं, खाटेएवढं कारं! त्यात कुत्रं मावत नाई."

"मावंल तेवढं करतो."

तिनं सासूला बखोट धरून त्या काळ्या चौकोनात बसवलं. तिच्या कमरेची आगपेटी ओढून घेतली. काडी हातात धरली आणि थांबली. चढाकडच्या काठाला काडी लावली तर वारा ती आग वर नेणार होता. मागं काळं, मोकळं रान उरलं असतं, मनासारखं मोठं अंगण. पण वरच्या अंगाला जांभळी साडी बांबूतून धडपडत चालली होती.

सासूनंही ते पाहिलं.

सखाबाईनं आगपेटी दातात धरली आणि धावली. धुरानं नाक जळत होतं. रुखमा एका खडकाशी अडकली होती, साडी बोराटीच्या काट्यात गुंतलेली. सखाबाईनं तिचा अंबाडा धरला.

"सोडा! जीव घेता का माहा?"

"घेवाचा असता त अठीच सोडली असती. चल खाली!"

"आगीत? बाई, तुमी येड्या झाल्या! आग खालून येऊन राहिली!"

"म्हनूनच!"

रुखमा चावली. खरोखर चावली, मनगटाला. सखाबाईनं हात सोडला नाही. साडी काट्यात फाटली, आवाज करत फाटली, आणि उतारावरून दोघी घसरत, गडगडत खाली आल्या. वर उडालेल्या ठिणग्या आता पावसासारख्या पडत होत्या. एक रुखमाच्या खांद्यावर पडली. साडीला भोक पडलं, भोकाचा काठ वितळून आक्रसला आणि कातडीला चिकटला. रुखमा किंचाळली.

"सोड ते!"

"मी नागवी होऊ का?"

"अठी तुले पाहाले कोन येऊन राहिलं, तुहा भासरा, माहा नवरा? सोड!"

सखाबाईनंच ती साडी खेचून काढली आणि लांब फेकली. नंतर स्वतःचं नऊवारी सुती लुगडं फाडलं. अर्धं जावेवर टाकलं, अर्धं आपल्याला गुंडाळलं. मग काडी ओढली. पहिली विझली, दुसरी मोडली. तिसरी तिनं लुगड्याच्या आडोशाला धरून चढाकडच्या पाल्याला लावली. पाल्यानं लगेच पेट घेतला, वाऱ्यानं ओढून नेला. एका काठावरून दुसऱ्या काठावर वाकत ती पेटवत गेली. नवी आग भुकेल्या कुत्र्यासारखी चढावर धावली आणि मागं धुमसणारी काळी जमीन सोडत गेली.

"तुमी अजून आग लावून राहिल्या!" रुखमा रडत होती.

"आंगन मोठं करून राहिली. तूच लहान केलं होतं ना!"

भागीरथानं पाण्याचं गाडगं पुढं केलं. प्यायचं तेवढंच पाणी होतं. सखाबाईनं लुगड्याचे दोन्ही तुकडे त्यात भिजवले. सासूला पाठुंगळी घेतलं, जावेला हाताला धरलं आणि तिघी नुकत्या जळलेल्या जमिनीवर चढल्या. पायाखाली तवा होता. मोहापासून दूर, जिथं खालचं सगळं जळून गेलं होतं तिथं, तिनं फांदीनं निखारे बाजूला सारले.

"पालथ्या पडा. तोंड मातीजवर. धूर वर राहाते, खाली दम भेटते. तोंडावर ओलं घ्या. उठाचं नाई, काई झालं तरी उठाचं नाई."

"बाई, भाजते!"

"भाजू दे. भाजलेलं मानूस जगते."

मग मोठी आग आली. तिचा आवाज गोंदियाकडं जाणाऱ्या मालगाडीसारखा होता, रूळ सोडून रानात शिरलेल्या मालगाडीसारखा. रुखमाला उठून पळायचं होतं. तिच्या पाठीवर सखाबाईनं आपला पाय टाकला आणि दाबून ठेवला. हातानं सासूचं डोकं मातीत दाबलं. पाठीवरून जळतं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. ती आगीला शिव्या देऊ लागली. आयुष्यात कधी न दिलेल्या, सानगडीच्या तळ्यावर बापाकडून ऐकलेल्या शिव्या, एकामागून एक, मातीत तोंड खुपसून. "ये ना! काय खाशील? काई नाई ठेवलं तुह्यासाठी! चल, नीघ!"

आग काळ्याच्या काठापर्यंत आली. खायला काही नव्हतं. ती दोन्ही बाजूंनी फाटून वर गेली.

बऱ्याच वेळानं भागीरथाचा आवाज आला, मातीतून. "गेली का वं?"

"गेली, आत्याबाई."

"माही बिडी कोठी हाये?"

तेव्हा रुखमा जी हसायला लागली ती हसता हसता रडायला लागली आणि तिला थांबवता येईना.

उतरत्या उन्हात तिघी गावात शिरल्या. काळ्याठिक्कर, तळपाय सोललेले, भुवया जळालेल्या, दोघींच्या अंगाला एका लुगड्याचे दोन तुकडे. पारावर सगळे गडाकडं तोंड करून उभे होते. गडाचा बांबू बुरुजापर्यंत पेटला होता आणि दरवाजातून धूर असा निघत होता जसा धुराड्यातून निघावा. मनिराम धावत आला आणि त्यानं आईला सखाबाईच्या पाठीवरून उतरवून पाराजवळच्या खाटेवर टेकवलं. कवडूची नजर मात्र बायकोवर गेली आणि लोकांच्या देखत तो घाबरून भलतंच बोलला.

"साडी कोठी हाये?"

सखाबाईनं सवयीनं कमरेवर हात ठेवले, पण आधी रुखमाच बोलली. खांद्यावरचा तुकडा सरकवून तिनं चिकटलेलं जांभळं कातडं दाखवलं.

"हे थोडीशी उरली. बाकीची पाहिजे असंल त रानात जा."

तुलाराम नाकेदार पुढं आला. त्याचे डोळे धुरानं सुजले होते, दुपारपासून तोही माणसं घेऊन आगीला झोडपत होता. त्यानं दुरून दोन धूर पाहिले होते. एक नाल्याकडचा, एक मधूनच उठलेला. पहिली आग कुणाच्या हातून लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या आगीबद्दल मात्र त्याला विचारणं भाग होतं.

"मधात आग कोनं लावली?"

"मी लावली," सखाबाई म्हणाली.

"अवं, मी मनाई केली होती ना!"

"होय. मोठं आंगन राहू दिलं असतं त आज आनखी लावा नसती लागली. आता नेवाचं असंल त न्या. पाय भाजले हायेत, बैलबंडी आना."

"मीबी लावली," रुखमा म्हणाली. तिनं काडीला हात लावला नव्हता, हे तिघींनाच ठाऊक होतं.

"आगपेटी माही होती," भागीरथानं खाटेवरून सांगितलं. "मलेबी बंडीत घ्या."

तुलारामनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग मनिरामला म्हणाला, "पायाले काई लावा यांच्या. अन् मले पानी पाजा."

गावानं त्या दिवशी सखाबाईला काही हार घातले नाहीत. उलट काही जण पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले की ती आग तिच्यानंच मोठी झाली. ती त्यांनाही उत्तर द्यायची, ऊन कलेपर्यंत. पण पुढच्या चैत्रात बाया आपोआप तिच्या दारी जमल्या. सगळ्या मिळून, दिवसाउजेडी, काठ झाडून, राखेला पहारा देऊन, प्रत्येकीनं आपल्या झाडाखाली काळं अंगण केलं. कुणाचंही खाटेएवढं नव्हतं. तुलाराम आला. उभा राहून त्यानं पाहिलं, निखारा कुठं राहिला ते काठीनं दाखवलं आणि हुकुमाचं वरच्यांना काय सांगायचं याचा विचार करत निघून गेला.

आणि रुखमानं आणखी एक रीत पाडली. ऐंशीनंतर नायलॉन घरोघर आलं. मोहाच्या दिवसांत रानात जाणारी बाई पहाटे आधी सखाबाईच्या घरी जायची, नायलॉन उतरवून तिच्या वळणीवर टाकायची आणि तिथंच ठेवलेलं जुनं सुती लुगडं नेसून पुढं जायची. चैत्रभर सकाळी ती वळणी निळ्या-गुलाबी-जांभळ्या साड्यांनी अशी फुललेली असायची की बाजारातला माणूस चुकून भाव विचारायचा.

भागीरथा तोवर गेली होती. तिची आगपेटी ठेवायची चंची सखाबाईच्या कमरेला आली होती. एका सकाळी शेजारची नवी सून, चंद्रकला, वळणीशी अडून बसली. साडी माहेरची, सासरच्या दोरीवर पडायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या दोरीवर टाकायची नाही म्हणे. "दिवसाच त जाऊन राहिलो, अन् रानात आज आग कोठी हाये? लुगडं नेसलं त लोक म्हातारी म्हनतील मले."

सखाबाई कमरेवर हात ठेवून ऐकत उभी राहिली. पोरीचं संपलं.

"झालं?" तिनं विचारलं.

पण तिच्या आधी रुखमानं पदर सरकवून पोरीपुढं खांदा उघडा केला. त्यावर आजही जांभळट, गुळगुळीत चट्टा होता. "याच्यापरीस म्हातारी दिसनं बरं का नाई ते सांग. मग तुही मर्जी."

पोरगी चट्ट्याकडं पाहत राहिली. मग आत गेली आणि लुगडं नेसून आली.

सगळ्या मिळून मोहाखाली गेल्या. पाला ओढून झाला, काठ झाडून झाला. सखाबाईनं मूठभर माती उडवून वारा पाहिला. वर गड पुन्हा बांबूनं हिरवा झाला होता, ऐटीत उभा होता. तिनं त्याच्याकडं पाठ केली, चंचीतून आगपेटी काढून चंद्रकलाच्या हातात दिली आणि म्हणाली, "लाव. आमी आहोत अठी."